जुने कोण ठरवणार? : मोटारींच्या जाहिराती आणि ‘मॉडेल’ या शब्दाचे दोन अर्थ

रत्नागिरीतल्या कोणत्याही गॅरेजात गाडी नेली की मिस्त्री आधी विचारतो, “कितवं मॉडेल?” उत्तर सालाचे असते : “अठ्ठ्याण्णवचं”, “बाराचं”. या प्रश्नातल्या ‘मॉडेल’चा अर्थ घडण किंवा आराखडा असा नाही. गाडी कोणत्या साली रस्त्यावर आली, तिचे जन्मसाल काय, एवढेच त्याला हवे असते. त्यावरून कोणता भाग झिजला असेल, कोणता मिळेल, कोणता घडवून घ्यावा लागेल याचा अंदाज त्याला बांधता येतो.

हाच शब्द अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात रूढ झाला तेव्हा त्याचा रोख वेगळा होता. १९५७ चे मॉडेल तिथे १९५६ च्या शरद ऋतूतच दुकानात येई. साल ही जन्माची नोंद नव्हती. आपण पुढच्या वर्षात आधीच पोचलो आहोत, असे ते ग्राहकाला दिलेले आश्वासन होते. मिस्त्रीचे ‘मॉडेल’ मागे बघते, डेट्रॉइटचे पुढे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये मला एक मोठा प्रश्न दिसतो : एखादी वस्तू जुनी झाली हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, ती बनवणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा?

हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, तसा तो भाषेचाही आहे. जुनेपण शेवटी शब्दांत आणि चित्रांत घडवावे लागते, आणि ते घडवण्याचे काम जाहिरातीने केले. म्हणून अमेरिकी मोटारींच्या जुन्या दूरचित्रवाणी जाहिराती आणि आपल्याकडच्या वाहनांच्या जाहिराती मी इथे संहिता म्हणून वाचणार आहे. जाहिरातीला समीक्षेचे निकष लावणे काहींना जड वाटेल. पण कवितेपेक्षा जाहिरात अधिक जणांना पाठ असते. जे पाठ होते त्याची समीक्षा व्हायला हवी.

डेट्रॉइटचे पंचांग

हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत चालली. या काळात अशा सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. गाडीत सुधारणा होत, किंमत उतरत जाई, पण गाडी तीच राही. फोर्डच्या दृष्टीने तेच तिचे मोठेपण होते. चांगली वस्तू एकदा घडवली की ती बदलायची कशाला, असा त्याचा शेतकरी मनाचा हिशेब होता.

जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन १९२३ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्यापुढचा पेच निराळा होता. ज्यांना गाडी घेणे शक्य होते अशा बहुतेकांनी ती घेतली होती, आणि वापरलेल्या गाड्याही बाजारात येऊ लागल्या होत्या. म्हणजे नव्या गाडीची स्पर्धा आता दुसऱ्या कंपनीशी जितकी होती, तितकीच ग्राहकाच्या दारात उभ्या असलेल्या धडधाकट गाडीशी होती. त्या गाडीला हरवायचे तर ती बिघडायची वाट बघत बसून चालणार नव्हते. ती मालकाच्या नजरेतून उतरायला हवी होती. १९२७ मध्ये कंपनीने हार्ली अर्ल या शैलीकाराच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ हा स्वतंत्र विभाग काढला. त्याच वर्षी ‘मॉडेल टी’ बंद पडली. हा योगायोग बोलका आहे.

प्रत्यक्षात दरवर्षी सगळी गाडी नव्याने घडवणे परवडण्यासारखे नव्हते. पत्र्याला आकार देणारे साचे फार महाग पडत. म्हणून मूळ सांगाडा दोन-तीन वर्षे तोच ठेवायचा आणि मधल्या वर्षांत पुढची जाळी, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, मागचे पंख बदलायचे, अशी रीत पडली. यंत्र बहुधा तेच राही, मुखवटा बदले. १९५४ मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखनकाराने या रीतीला ‘नियोजित जुनेपणा’ हे नाव लोकप्रिय करून दिले. गरजेपेक्षा थोडे लवकर, थोडे अधिक नवे घेण्याची इच्छा ग्राहकात उत्पन्न करणे, अशी त्याची फोड होती. त्याने हे निंदेने म्हटले नव्हते, अभिमानाने म्हटले होते.

पडद्यावरचे ‘नवे’

या पंचांगाला दूरचित्रवाणी मिळाली तेव्हा त्याचा घरोघरी उत्सव झाला. १९५० च्या दशकात मोटार कंपन्या अमेरिकेत कार्यक्रमांच्या मधल्या जागाच नव्हे, तर अख्खे कार्यक्रम प्रायोजित करीत. गायिका डायना शोर शेव्हरोलेचा कार्यक्रम सादर करी. तिचे शीर्षकगीत शेव्हरोलेतून अमेरिका पाहायला निघण्याचे आमंत्रण देई आणि शेवटी ती प्रेक्षकांकडे हवेत चुंबन फेकी. गाडीचा अश्वशक्तीचा आकडा विसरला जाई, पण देश, गाणे, आपुलकीची बाई आणि गाडी ही चौकडी मनात एकत्र राही.

या जाहिराती आज जुन्या चित्रफितींच्या संग्रहांत पाहायला मिळतात. लागोपाठ पाहिल्या की त्यांचे व्याकरण लक्षात येते. पहिली गोष्ट, त्यांत जुनी गाडी जवळपास कधीच दिसत नाही. ‘अधिक लांब, अधिक रुंद, अधिक ठेंगणी’ अशी तुलनादर्शक विशेषणे सतत येतात, पण तुलना कशाशी ते सांगितले जात नाही. ती जागा प्रेक्षकाने स्वतःच्या अंगणातल्या गाडीने भरायची असते. दुसरी गोष्ट, क्रियापदांपेक्षा काळवाचक शब्दांवर भर असतो : आता, यंदा, प्रथमच. आणि तिसरी, कॅमेरा गाडीच्या मागच्या पंखांवरून हळूहळू फिरतो, जणू तो पत्र्यावरून हात फिरवतो आहे. ती गाडी कुठे घेऊन जाईल, हा मुद्दा दुय्यम असतो.

१९५७ च्या प्लिमथची जाहिरात या व्याकरणाचे टोक होते. त्या वर्षी प्लिमथने जाहीर केले की एकाएकी १९६० साल उजाडले आहे. म्हणजे बाकीच्यांच्या गाड्या एका वर्षाने नव्हे, तीन वर्षांनी मागे पडल्या. गाडी देखणी होती यात वाद नाही. पण घाईने काढलेल्या त्या वर्षीच्या गाड्यांचे पत्रे लवकर गंजत, अशी त्यांची पुढे दुष्कीर्ती झाली. १९६० साल खरोखर आले तेव्हा जाहिरातीने आधीच खर्चून टाकलेले ते भविष्य गंजलेल्या पत्र्याच्या रूपात दारात उभे होते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यात गाड्या सांभाळणाऱ्या आम्हा रत्नागिरीकरांना यातला विनोद आणि दुःख दोन्ही समजतात.

त्याच वर्षी फोर्डने ‘एडसेल’ ही गाडी बाजारात आणली. १३ ऑक्टोबर १९५७ ला तिच्यासाठी दूरचित्रवाणीवर खास कार्यक्रम झाला. त्यात बिंग क्रॉसबी, फ्रँक सिनात्रा, रोझमेरी क्लूनी आणि लुई आर्मस्ट्राँग अशी मातब्बर मंडळी होती. कार्यक्रम गाजला, गाडी पडली. १९५९ च्या नोव्हेंबरात तिचे उत्पादन थांबले तेव्हा तोटा पंचवीस कोटी डॉलरच्या घरात गेला होता. जाहिरात सर्वशक्तिमान असते, असे मानणाऱ्यांनी एडसेल लक्षात ठेवावी. नवेपणाची दवंडी पिटता येते, पण तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ऐकणाऱ्याच्याच हाती राहते.

१९६४ ची शेव्हरोलेची जाहिरात मला या सगळ्या परंपरेचे सार वाटते. युटा राज्यात मोआबजवळच्या एका उंच, उभ्या सुळक्याच्या माथ्यावर गाडी ठेवलेली आहे आणि शेजारी एक तरुणी आहे. तिथे रस्ता जात नाही. गाडी हेलिकॉप्टरने वर चढवली होती. जी वस्तू रस्त्यावर चालण्यासाठीच केली, तिचे सर्वोच्च चित्र म्हणजे ती जिथून हलूच शकत नाही अशी जागा! चाक, वळण, खड्डा, धूळ या सगळ्यांतून मुक्त झालेली ती मूर्ती आहे. सुमारे दशकभराने त्याच सुळक्यावर पुन्हा शेव्हरोले चढवली गेली. डोंगर तोच, मूर्ती नवी.

या रीतीवर टीकाही झाली. व्हान्स पॅकार्ड यांच्या ‘द वेस्ट मेकर्स’ (१९६०) या पुस्तकाने वाया घालवण्यावर उभ्या राहिलेल्या समृद्धीचा पंचनामा केला. पण बोचरी टीका आली ती जाहिरातीतूनच. डॉईल डेन बर्नबाक या संस्थेने फोक्सवॅगनसाठी केलेल्या एका छापील जाहिरातीत वर्षे बदलत जातात आणि गाडी तीच राहते. दूरचित्रवाणीवरच्या दुसऱ्या एका जाहिरातीत १९४९ चे काल्पनिक मोटार प्रदर्शन आहे. एकेक कंपनीचा माणूस उद्याची फॅशन जाहीर करतो. कोपऱ्यात फोक्सवॅगनचा एकटा माणूस सांगतो की आमची गाडी बदलत राहील, पण काळाच्या चालीसाठी नव्हे, अधिक चांगली होण्यासाठी. त्याचे ऐकायला फारसे कोणी थांबत नाही. जाहिरात सुंदर आहे. तरी तिचीही गोम ओळखायला हवी : न बदलण्यालाच तिने फॅशन केले. नवेपणाला विटलेल्या सुशिक्षितांना तिने निराळ्या प्रकारचे नवेपणच विकले.

कुर्ल्याची गाडी

ही परंपरा आपल्या दारापर्यंत येऊन परत गेली होती, हे आज फारसे लक्षात नसते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. पण स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा राहिली नाही, इथेच सुटे भाग घडवणाऱ्यांना परवाने मिळाले. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने इथला गाशा गुंडाळला. प्रीमियरने फियाटशी करार केला होता, ती टिकली.

पुढची कथा डेट्रॉइटच्या अगदी उलट आहे. ‘फियाट ११००’ ही १९६४ मध्ये ‘डिलाइट’ झाली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. गाडी जवळजवळ तीच राहिली. डेट्रॉइटमध्ये नाव तेच राहून अंग बदले, कुर्ल्यात अंग तेच राहून नाव बदलले. विकत घेणाऱ्यांनी तर नावही बदलू दिले नाही. पद्मिनीला लोक शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

नावांकडे आणखी थोडे बारकाईने पाहू. अमेरिकी गाड्यांची नावे त्या काळात आकाशाकडे झेपावत होती : रॉकेट, गॅलक्सी, कॉमेट, सॅटेलाइट. आपल्याकडे मुंबईत घडलेल्या मोटारीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले आणि पुण्यात घडलेल्या स्कूटरला राणा प्रतापच्या घोड्याचे. दोन्ही वाहने मराठी मुलखातली, दोन्ही नावे मेवाडच्या इतिहासातली. तिथे नाव भविष्यातून येत होते, इथे भूतकाळातून. उद्या काय येणार हे ज्या बाजारात ठरवताच येत नव्हते, त्याने कालचा आधार घेतला.

‘हमारा’ म्हणजे कोणाचा?

दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. मुंबई केंद्र १९७२ मध्येच निघाले होते, पण आमच्यासारख्या गावांपर्यंत चित्र पोचले ते ऐंशीच्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरल्यावर. माडाच्या उंचीशी स्पर्धा करणाऱ्या लोखंडी नळीवरचा अँटेना वाऱ्याने फिरे, आणि कोणीतरी गच्चीवर जाऊन “आता आलं का?” असे ओरडे. त्या मुंग्यामुंग्यांच्या पडद्यावर १९८९ मध्ये आलेली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात माझ्या पिढीला आजही तोंडपाठ आहे.

लिंटास या संस्थेने, अलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली, ती केली होती. तिच्यात आपली स्कूटर मायेने पुसणारा पारशी गृहस्थ आहे, निरनिराळ्या धर्म-प्रांतांची साधी कुटुंबे आहेत. गाण्यात स्कूटरपेक्षा देशाचे वर्णन अधिक. अमेरिकी जाहिरातीशी ताडून पाहिले की तिचे वेगळेपण उठून दिसते. इथे ‘यंदा’ नाही, ‘प्रथमच’ नाही, तुलनादर्शक विशेषण नाही. विकायला नवे काही नव्हतेच. बजाज आणि इटलीच्या पियाजिओ यांचा करार १९७१ मध्ये संपल्यावर ‘चेतक’ आली, ती १९८९ मध्येही मूळ घडणीला धरूनच होती. म्हणून जाहिरातीने वस्तूऐवजी नाते विकले. काळाऐवजी सातत्य विकले.

ही जाहिरात मला आवडते. पण आवडणे म्हणजे सुटका नव्हे. तिचा सगळा भार ‘हमारा’ या एका शब्दावर आहे आणि तो शब्द मराठीत आणून पाहिला की जाहिरात अडखळते. मराठीला इथे निवड करावी लागते : ‘आमचा बजाज’ की ‘आपला बजाज’? ‘आमचा’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, बोलणारी कंपनी उरते. ‘आपला’ म्हटले तर दोघेही आत येतात. हिंदीतले ‘हमारा’ ही निवड टाळू देते. कंपनी ‘आमचा’ म्हणते आणि आपल्याला ‘आपला’ ऐकू येते. जाहिरातीचे यश या फटीत आहे.

ती फट महत्त्वाची अशासाठी, की ज्या वर्षांत हे नाते जडले असे जाहिरात सांगते त्या वर्षांत ग्राहकाला दुसरा पर्याय फारसा नव्हता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. हातात आलेली स्कूटर जादा पैसे घेऊन विकली जाई. लग्नाच्या बोलणीत ती मागितली जाई, आणि किती वधूपित्यांनी तिच्यासाठी कर्ज काढले असेल! सकाळी ती एका बाजूला तिरकी करून मग किक मारावी लागे. हे ज्याने केले नाही असा मध्यमवर्गीय विरळा. जाहिरातीत मात्र एकही स्कूटर तिरकी होत नाही. १९८४ मध्ये बटणाने सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली, १९८५ मध्ये हिरो होंडा आली, आणि पर्याय दिसू लागले. त्यानंतर हा प्रेमाचा उच्चार झाला. सक्तीने झालेल्या सहवासाला, तो संपत आला असताना, प्रेमविवाहाचे रूप दिले गेले. तरी ते प्रेम खोटे नव्हते, आणि तीच या जाहिरातीची ताकद.

दसऱ्याची गाडी

कारखान्याने नवेपणा दिला नाही, म्हणून आपल्याकडे नवेपणा नव्हता असे नाही. तो दुसरीकडे होता. डेट्रॉइटची नवी मॉडेले शरदात येत, आणि आपली वाहन-खरेदीही शरदातच, दसरा-पाडव्याला. पण इथे नवी होती ती तिथी. बारा वर्षे वापरून विकलेली फियाट दुसऱ्याच्या दारात मुहूर्तावर आली की तिला हळदकुंकू लागे, हार चढे, चाकाखाली लिंबू जाई. ती त्या घरात नवी असे. दरवर्षी खंडेनवमी-दसऱ्याला तीच गाडी धुवून, झेंडूची माळ घालून पुन्हा नवी होई. रिक्षा, ट्रक, एसटीची लाल गाडी, गॅरेजातली हत्यारे, सगळ्यांना हा मान मिळे. नवेपणा हा वस्तूचा गुण नव्हता, तो वापरणाऱ्याने वस्तूला दिलेला मान होता.

त्यालाच जोडून मिस्त्रीचे शास्त्र होते. कोकणात गाडीचा खरा वैरी फॅशन नव्हे, गंज. सडका पत्रा कापायचा, नवा तुकडा जोडायचा, लांबी भरून घासायची, रंग मारायचा. गाडी बदलत जाई, पण तुकड्यातुकड्याने, मालकाच्या ऐपतीने आणि मिस्त्रीच्या हाताने. जुनी झाली हा निकाल या दोघांच्या बोलण्यातून लागे.

याचे गोडवे गाताना जपायला हवे. हे शहाणपण पुष्कळ अंशी टंचाईतून आले होते. कमकुवत ब्रेक, काळा धूर, न मिळणारे भाग ही त्याची दुसरी बाजू होती, आणि चांगली गाडी मागण्याचा हक्क ग्राहकाला नव्हता. तरी टंचाई गेली म्हणून निकाल देण्याचा अधिकारही सोडून द्यावा, असे होत नाही. आपल्याकडे तसे झाले, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या नावाची नवी गाडी

१९९३ मध्ये मोटारधंदा परवानामुक्त झाला. जुन्या गाड्या एकेक करून थांबल्या. पद्मिनी २००० च्या सुमारास गेली, अँबॅसडर २०१४ मध्ये. दरम्यान डेट्रॉइटचे पंचांग आले, तेही मिस्त्रीच्या शब्दात शिरून. डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत कागदावर एका वर्षाने जुनी होते आणि विकताना भाव पडतो, म्हणून लोक नोंदणी जानेवारीपर्यंत लांबवतात. जन्मसाल आता बाजारभाव झाले. जाळी आणि दिवे बदलून तीच गाडी ‘फेसलिफ्ट’ म्हणून येते. हार्ली अर्लचे काम आता चाकण-तळेगाव परिसरात ओळखीचे झाले आहे. ज्या जनरल मोटर्सने हे पंचांग रचले, ती कंपनी मात्र परत येऊन, तळेगावला कारखाना काढून, २०१७ मध्ये इथली विक्री बंद करून पुन्हा निघून गेली. कंपनी गेली, पंचांग राहिले.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. २०२१ मध्ये केंद्राने वाहन भंगार धोरणही आणले. प्रदूषण आणि सुरक्षा ही त्यामागची कारणे खरी आहेत. पण जुनेपणाचा निकाल मालक-मिस्त्रीच्या बोलण्यातून निघून एकीकडे जाहिरातीकडे आणि दुसरीकडे तारखेकडे गेला, हेही तितकेच खरे आहे.

जानेवारी २०२० मध्ये ‘चेतक’ परत आली, विजेवर चालणारी. यंत्र पूर्ण नवे, नाव जुने. आता जुनेपणही विकाऊ झाले आहे. जी स्कूटर आपण तिरकी करीत होतो तिची आठवण नव्या स्कूटरसाठी भांडवल म्हणून वापरली जाते. यात वाईट काही नाही, पण जाहिरात वाचणाऱ्याने हिशेब मांडायला हवा : आठवण आपली होती आणि नाव कंपनीचे. ‘हमारा’ या शब्दातली फट अजून बुजलेली नाही.

विजेच्या वाहनाचा प्राण बॅटरीत आणि संगणकीय आज्ञावलीत असतो. ती उघडण्याची मुभा आणि साधने गावातल्या मिस्त्रीला मिळाली नाहीत, तर वाहन कधी जुने झाले हे फक्त बनवणाराच सांगू शकेल. स्लोनला दर शरदात गाणी-नाच करून ग्राहकाची मनधरणी करावी लागत होती, आणि ग्राहक एडसेलसारखी गाडी नाकारू शकत होता. उद्या मनधरणीचीही गरज उरणार नाही. म्हणून जाहिरातींकडे ‘किती छान होत्या त्या’ एवढ्याच भावनेने पाहणे मला पुरेसे वाटत नाही. आपल्या दारातली वस्तू अजून चालते आहे असे म्हणण्याचा हक्क कोणकोणत्या शब्दांनी आपल्या हातून काढून घेतला, हे त्यांच्यात नीट लिहिलेले आहे. ते वाचता येणे ही साक्षरताच आहे.